खिडकीची उंची

कॉलेजपासून मनात धरलेली परदेशातली आर्किटेक्टची नोकरी तिला सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळाली. जाऊबाई म्हणाल्या, "या वयात कसलं खूळ?" नवरा म्हणाला, "जा बाई, नाहीतर जन्मभर माझं डोकं खाशील." पहिल्याच आठवड्यात बालवाडीच्या नकाशावर बैठक झाली. साहेबांनी काढलेल्या खिडक्या बघून सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला राहवेना, पण तिथली भाषा अजून जिभेवर बसली नव्हती. मग ती उठली, भिंतीवर खिडकीच्या उंचीला खडूने रेघ ओढून समोर गुडघ्यांवर बसली. "मी मूल. मला फक्त भिंत दिसते." कुणीतरी फिसकन हसलं. साहेब मात्र उठले, तिच्याशेजारी गुडघे टेकून बसले आणि बघतच राहिले. "खरंच की!" त्यांनी आपली पेन्सिल तिच्यापुढे धरली. "नकाशातली खिडकी तुम्हीच खाली घ्या." इतकी वर्षं इतरांचे नकाशे गिरवलेल्या तिच्या हाताने खिडकी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणली.