दोन ओळींची पट्टी

"खोट तुमच्या मादीतच आहे!" दुकानदाराने प्लास्टिकचा डबा टेबलावर आपटला, तसा आतला वेटोळ्यांचा गुंता हलला. कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाची नुकतीच अंड्याबाहेर आलेली पिल्लं. सगळी आईबापासारखी तपकिरी. फक्त दोन नारिंगी, लाल डोळ्यांची, अंगावर काळा ठिपका नावालाही नाही. "नर माझा, आणि तो एकदम साधा. गिऱ्हाइकाला साधीच पिल्लं हवी होती. हे सोंग तुमच्या मादीने आणलं."

सापांची पैदास हा त्या नवरा-बायकोचा घरचा धंदा. नवरा हसला. या विषयावर बोलायला मिळालं की त्याला तहानभूक राहत नसे. कोपऱ्यात डब्यांवर पट्ट्या चिकटवत बसलेल्या बायकोला पुढचं सगळं पाठ होतं.

"साहेब, एकट्या मादीला हे जमतच नाही. हा रंग लपून राहणारा. एक वाटा आईकडून, एक बापाकडून, असे दोन्ही आले तरच पिल्लावर उमटतो. तुमचा नर दिसायला साधा, पण पोटात हेच घेऊन फिरतोय. उगाच त्या बिचारीला बोल लावू नका."

'बिचारी' ऐकून बायकोचा हात थांबला.

नवऱ्याने फळीवरचा एक डबा ओढून त्यावरची पट्टी दाखवली. "हे बघा. वरच्या ओळीत दिसतं ते, खालच्या ओळीत लपलेलं ते. आमच्याकडे प्रत्येक जनावराचं असं उघड असतं. लपवाछपवीचा धंदा नाही." पट्ट्यांवरचं अक्षर बायकोचं होतं, त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

दुकानदार निवळला. तेवढ्यात नवरा-बायकोची मुलगी धावत आली आणि डब्यावर नाक टेकवून उभी राहिली. दुकानदाराने तिला नाव विचारलं. पुन्हा विचारलं. ती नारिंगी पिल्लांकडे बघून हसत राहिली.

"तिला ऐकू येत नाही हो," दारात येऊन उभ्या राहिलेल्या सासूबाई म्हणाल्या. "जन्मापासूनच. आमच्या घराण्यात असलं काही नाही. सुनेच्या माहेरचं आलंय."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी दोघांना शेजारी बसवून हेच तर सांगितलं होतं, एक वाटा हिचा, एक तुमचा. आणि नवऱ्याने आत्ता सांगितलं तितकं सोपं करून काही डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं. तिला फार नको होतं. एका सापिणीच्या वाट्याला आत्ता आलं, तेवढंच एक वाक्य हवं होतं.

नवरा डब्याचं झाकण लावण्यात गढून गेला. झाकण केव्हाच बसलं होतं.

"काय रे, खरं ना?" सासूबाईंनी विचारलं.

त्याने मान हलवली. तीही होकारार्थी.

बायकोने दोन पट्ट्या कापल्या, दोन्हींवर एकसारख्या दोन-दोन ओळी लिहिल्या, आणि एक स्वतःच्या खांद्यावर चिकटवली. मग उठून दुसरी नवऱ्याच्या खिशावर लावली. डब्यावर लावताना कडा सुटू नयेत म्हणून अंगठ्याने दाबायची, तशीच दाबली.

वर: ऐकू येतं.
खाली: बहिरेपणाचा एक वाटा.

दुकानदाराने हिची वाचली, त्याची वाचली, आणि डबा काखेत मारला. नवऱ्याचा हात खिशापाशी गेला, पण पट्टी काढायचं त्याला धैर्य झालं नाही.

"काय लिहिलंय रे?" सासूबाई डोळे बारीक करत पुढे आल्या. "माझा चष्मा आत राहिला. तूच वाच बघू. मोठ्याने."