फुंकर

नारीन गावच्या दवाखान्यात इसाबेक आजोबांनी फुप्फुसं तपासायच्या नळीत फुंकर मारली की खोकल्याची उबळ यायची आणि सगळं अर्ध्यावरच राहायचं.

"जन्मभर विड्या ओढल्यात, आता वारा कुठून निघणार?" कालबूबू आजी हसल्या. "डॉक्टरीणबाई, द्या इकडे. गोवऱ्यांची चूल फुंकण्यात हयात गेलीय माझी. दाखवते ह्यांना!"

डॉक्टरीणबाईंनी हसत हसत नवी नळी लावून दिली. आजींनी जीव एकवटून फुंकर मारली. पडद्यावरचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. तो आजोबांच्या अर्धवट फुंकरीपेक्षाही खाली होता. त्यांनी आजोबांना उठवलं आणि त्या खुर्चीत आजींना बसवलं.

आजोबा आजींच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटले, "आजारपणातसुद्धा हिला माझ्यापुढेच राहायचं असतं!"