हर्षद गिरणीवाला नॉट रिचेबल

वाडीच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा हर्षद तिथल्या खोपटात सुपारीच्या पोत्यांमागे बसून केस विंचरत होता.

"आले वाटतं," तो बहिणीला म्हणाला. "मी न्हाय म्हणून सांग, रुचिका. पण त्यांना लगेच पटेल असं नको सांगूस."

हर्षदची गावात पिठाची गिरणी होती आणि तो विधानसभेला अपक्ष उभा होता. आमदार व्हायची त्याला मुळीच हौस नव्हती. इतका काही तो खुळा नव्हता. त्याला फक्त माघार घ्यायची होती. पण माघार अशी कुणी न विनवता घेण्यात काय मजा? त्याचा साडू मितेश याने मागच्या खेपेला उरणला अर्ज भरला आणि फोन बंद करून दडी मारली. तेव्हा एक बडा नेता स्वतः त्याच्या घरी आला, चहा प्याला आणि खांद्यावर हात टाकून फोटो काढून गेला. तो फोटो मितेशच्या हॉलमध्ये लागला. दर दिवाळीला त्या फोटोखाली बसून हर्षदला करंज्या खाव्या लागत.

हर्षदच्या मतदारसंघाचे आमदार तर त्याच्याच गावचे. त्यांची गाडी रोज गिरणीसमोरून जायची, पण काच कधी खाली झाली नाही. हे हर्षदला लागलं होतं. खरंच लागलं होतं.

म्हणून त्यानेही अर्ज भरला, गिरणीला कुलूप ठोकलं, फोन बंद केला आणि श्रीवर्धनला बहिणीच्या वाडीत येऊन लपला. बायकोला, हेमांगीला, त्याने बजावून ठेवलं होतं. इतर कुणी विचारलं तर ठाऊक नाही म्हणायचं. आमदारसाहेबांनी विचारलं तर जरा आढेवेढे घेऊन पत्ता द्यायचा.

कुणी आलंच नाही. हेमांगीने रुचिकाच्या फोनवर एवढंच कळवलं, की गावातल्या बायका सारख्या दारात येऊन तुम्ही परत कधी येणार ते विचारतात.

"महिला वर्ग आपल्या बाजूने हाय," हर्षद गंभीरपणे म्हणाला.

आज माघारीचा शेवटचा दिवस होता. मुदत तीनपर्यंत. सही केलेला माघारीचा कागद खिशात घामाने भिजला होता. जेवणाची वेळ टळली तरी रस्ता रिकामाच, तेव्हा हर्षदला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

आणि आता साक्षात आमदारसाहेब, कुणाला काही न विचारता, खोपटाच्या बुटक्या दारातून वाकून आत आले.

"काय हे, भाऊ," ते म्हणाले. "किती शोधायचं माणसाने? हट्ट सोडा आता. चला."

हर्षद धडपडत पोत्यांमागून उठला. तरी पाठ केलेलं तो विसरला नाही. "माझ्या अटी हायेत, साहेब."

"बोला."

"तुम्ही माझ्या घरी यायचं. चहा घ्यायचा. खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचा."

"आजच काढू. अजून?"

एवढ्या लवकर सगळं कबूल होईल असं हर्षदला वाटलं नव्हतं. तो गडबडला. "मला कुठल्या तरी समितीवर घ्यायचं."

"घेतलं. निघू या का?"

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकलासुद्धा. हर्षद सुखावून गेला. त्याने खिशातला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. "मग झालं तर, साहेब. मी अर्ज मागे घेतो."

"अर्ज?" साहेबांनी ड्रायव्हरकडे बघितलं. "कसला अर्ज?"

ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हतं. त्याने गाडीतून तांदळाचा डबा आणून हर्षदच्या पायाशी ठेवला.

"अहो, आमची आई धड जेवत नाहीये," साहेब म्हणाले. "तिला तुमच्याच गिरणीचं पीठ लागतं. पाकिटातल्या पिठाची भाकरी तिने माझ्यादेखत कुत्र्याला घातली. निवडणुकीचं काय, ती मी बघून घेईन. पण म्हातारीला तोंड कसं दाखवू?"

हर्षदने डब्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. आपण या माणसाच्या विरोधात उभे आहोत आणि याला त्याचा पत्ताही नाही! त्याला आधी वाईट वाटलं. मग भयंकर राग आला. मग का कोण जाणे, हसू आलं. त्याने माघारीचा कागद टराटरा फाडला आणि डबा उचलून खांद्यावर घेतला.

"तुमच्या आईंचं दळण मी स्वतः घरी आणून देतो, साहेब," तो म्हणाला. "माझ्या प्रचाराची सुरुवात त्यांच्यापासूनच करतो."