लेडीज ड्रायव्हिंग

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. करोनाची दोन वर्षं सरल्यावर त्या भाद्रपदात रत्नागिरीचे चाकरमानी झाडून सगळे आले होते आणि गौरी-गणपती पोहोचवून मुंबईला परतलेही होते. त्यानंतरच्या आठवड्यात काशीबाई एमआयडीसीतल्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन बसल्या. सोबत सून होती, नम्रता. पालीच्या रुग्णालयात ती नर्स. पाळी सुटायची तेव्हा एसटी मिळायची नाही, म्हणून गाडी घेतलेली.

काउंटरवरच्या निलेशनं बिलाचा कागद पुढे सरकवला. "आजी, क्लच जळलाय. वॉरंटीत बसत नाही. चालवणाऱ्याची चूक असली की कंपनी देत नाही. साहेबांना मी मुंबईला फोन करून सगळं सांगितलंय."

"काय सांगितलंस?"

"हेच. लेडीज ड्रायव्हिंगमध्ये होतं असं. पाय क्लचवरच ठेवून चालवतात."

साहेब म्हणजे काशीबाईंचा मुलगा हर्षद. त्यानं आदल्या संध्याकाळी फोनवरून फर्मान काढलं होतं: नम्रताला गाडी झेपत नाही, दुरुस्त झाली की विकून टाकायची, आणि तिनं नोकरी सोडली तरी कुणाचं काही अडत नाही. नम्रता त्या रात्री जेवली नव्हती.

"उघडून बघितलास क्लच?" काशीबाईंनी विचारलं.

"उघडायची गरज नाही, आजी. वासावरून कळतं. अनुभव आहे."

"अनुभव गाड्यांचा, की बायकांचा?"

बाजूच्या खुर्चीवरचा माणूस खुदकन हसला. निलेशचे कान लाल झाले.

"आई, राहू द्या. चला घरी," नम्रता म्हणाली.

"तू बस गो." काशीबाई निलेशकडे वळल्या. "मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण जिच्यावर खापर फोडलंय, तिच्या डोळ्यांदेखत उघडा."

"आत कस्टमरला सोडत नाहीत, आजी."

"नको सोडूस. मी इथंच बसते. घरी गॅसवर काही ठेवून आलेले नाही."

आणि त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. चहा आला तो परत पाठवला. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी निलेशच उठला. "या."

गाडी लिफ्टवर चढली. सत्तरीच्या काशीबाईंनी गाडीचं पोट आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मेकॅनिकनं इंजिनाखालचं काळं कव्हर सोडवलं, आणि त्यातून सुर्रकन वाळू सांडली. चांगली शेरभर. पांढरी, मधे मधे शिंपल्यांचे तुकडे.

निलेश खाली वाकला. चिमूटभर वाळू बोटांत चोळून बघितली.

"आजी, ही गाडी पुळणीत रुतलेली दिसते." त्याचा आवाज उतरला होता. "समुद्रावर घालतात हौसेनं, आणि रुतली की रेस देत बसतात. चाकं खोल जातात नि क्लच जळतो. मॅडम, तुम्ही कधी नेली होतीत?"

"मी नाही नेली," नम्रता म्हणाली.

पालीच्या वाटेवर कुठला आलाय समुद्र? काशीबाई त्या वाळूकडे बघत राहिल्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हर्षद मित्रांना घेऊन हीच गाडी आरे-वारेच्या समुद्रावर घेऊन गेला होता. त्यानंतरच्या सकाळी उठून गाडी धुवायला लागला तोही तोच. जन्मात ज्यानं स्वतःचं जेवलेलं ताट उचललं नाही, तो बादल्या वाहत होता. काशीबाईंनी शेजारणीला ते कौतुकानं सांगितलंही होतं.

नम्रतानं सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिलाही आठवलं होतं, पण ती बोलणार नव्हती. काशीबाईही गप्प राहिल्या असत्या तर मुलाची चूक तिथंच झाकली गेली असती.

"कोणीही नेली असली, तरी बिल तेच राहणार," निलेश चाचरत म्हणाला.

"राहू दे. मी बिलासाठी आले नव्हते. तू फोन लाव. ज्याला लेडीज ड्रायव्हिंग सांगितलंस ना, त्यालाच लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा."

हर्षदनं लगेच उचलला. "हां बोला. झाली गाडी?"

"आई बोलते. सर्व्हिस सेंटरातून. गाडीखालून वाळू निघाली रे."



"आई, मी मिटिंगमध्ये आहे. आपण रात्री बोलू."

"माझ्याशी नकोच बोलूस. ही उभी आहे, हिच्याशी बोल."

त्यांनी फोन नम्रताच्या हातात दिला. नम्रतानं आधी स्पीकर बंद केला. मग कानाला लावून ऐकत राहिली. पलीकडचं बोलणं संपलं तेव्हा एवढंच म्हणाली, "चावी माझ्याकडेच राहील."

बिल हर्षदनं भरलं. गाडी विकायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

निलेश पुढे कोल्हापूरला गेला. मोठ्या शोरूममध्ये आहे म्हणतात. नम्रता पालीला सिस्टर इनचार्ज झाली. काशीबाईंचे गुडघे गेले, आता त्या फारशा बाहेर पडत नाहीत. पण गेल्या वर्षी मूर्तींच्या कारखान्यातून गणपती आणायला त्या हट्टानं गेल्या. गाडी नम्रता चालवत होती. पुढे काशीबाई, आणि मागे मांडीवर गणपती घेऊन हर्षद. नाचणे गावच्या चढावर समोरून डंपर आला. हर्षदनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मूर्ती छातीशी धरली.

गाडी ऐन चढावर थांबली, आणि तसूभरही मागे न येता पुढे निघाली.