खिशातला गूळ

पोराचं तेरावं झालं तरी हंबीरतात्यांची म्हैस दाव्यालाच होती. तिला रोज पंचगंगेवर न्यायचा नेम पोराचा. तो मोटरसायकल पळवायचा, ती आवाज धरून मागं धावायची. "तात्या, मुकं जनावर हाय की त्ये! खुट्याला कुजवताय व्हय?" शेजारच्या अंबूबाईंनी तोंडावरच सुनावलं. तात्यांनी पोराच्या गाडीवर झाकलेलं पोतं काढलं, दावं सोडलं, किक मारली. तशी म्हैस रेकली आणि गल्लीभर शेपूट उडवत मागं पळत सुटली. घाटावर ते थांबताच तिनं धापा टाकतच त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला तोंड लावलं. पोराच्या खिशात गूळ असायचा. हा रिकामा होता. मग ती वळली आणि आलेल्या वाटेकडं बघत उभीच राहिली. सुन्या घरात स्वतःपाशीही न काढलेला शब्द तात्यांच्या तोंडून निसटला: "न्हाय यायचा त्यो, बाय." म्हैस हलली नाही. "चल," ते म्हणाले, "उद्या गूळ आणतो."