काच देताना

"आम्ही आहोत ना," आत्या म्हणाली.

"त्याची जबाबदारी आता आमची, दादा. तुम्ही निर्धास्त राहा," काका म्हणाले. शेजारीण तर सगळा भार देवावर टाकून मोकळी झाली. बोलायला काय जातं!

खाटेवरच्या म्हाताऱ्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं. धाकट्या मुलाचं मनगट मात्र त्याने सोडलं नाही. धाकटा चाळिशीला आलेला, केस पिकायला लागलेले, पण समज लहान पोराची. "बाबा, हात दुखतो," असं मधूनमधून म्हणायचा आणि तिथेच बसून राहायचा.

म्हाताऱ्याचा जन्म खिडक्यांना काचा बसवण्यात गेला. दुकानात त्याचा एकच कायदा होता. मोठी काच दुसऱ्याच्या हाती देताना, तो "धरली" म्हणाला तरी आपला हात काढायचा नाही. "आहे ना मी" म्हणाला तर मुळीच नाही. त्याने "सोड" म्हटलं की मगच. धरणारा कसाही धरतो. "सोड" म्हणणारा मात्र पुरता अडकतो.

लग्नाआधी थोरली मुलगीच काचेची दुसरी बाजू धरायची. त्यामुळे म्हातारा कशासाठी अडून बसलाय, हे त्या भरल्या खोलीत तिला एकटीलाच कळत होतं. कळत होतं, तरी ती गप्प होती. घर दोन खोल्यांचं, त्यात मुलं, त्यात सासू. येतानाच नवऱ्याने बजावलं होतं, "चार दिवस ठीक आहे. जन्माचं लोढणं मला जमायचं नाही."

तो दाराशीच उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, तशी त्याने मान खाली घातली. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. हो म्हणून उद्या हात काढून घेण्यापेक्षा आज गप्प बसलेलं बरं, असंही मनात येऊन गेलं.

म्हाताऱ्याच्या छातीत घरघर लागली होती. डोळे तिच्यावरच होते.

ती उठली. धाकट्याच्या तळव्याखाली तिने आपला हात घातला. खालून, काचेला घालतात तसा.

"बाबा, सोडा."

"अगं, जिभेला काही हाड?" आत्या कडाडली. "बाप आहे तो तुझा! जीव सोडा म्हणतेस?"

म्हाताऱ्याने आत्याकडे बघितलंही नाही. दुकानात विचारायचा तसंच त्याने विचारलं, "नक्की?"

"सोडा, बाबा. वजन आलंय माझ्याकडे."

मग त्याची बोटं हळूहळू उघडली. हात चादरीवर पडला आणि तसाच राहिला. आत्याने हंबरडा फोडला, काका खाटेकडे धावले. थोरली जागची हलली नाही.

"ताई," धाकटा म्हणाला, "हात दुखतो."