धनाजी घरी येतो

"तुझा धनाजी पार बिघडलाय," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

ज्ञानू छपाईचे खिळे जुळवत उभा होता. सांगलीच्या त्या छोट्या साप्ताहिकात तो दिवसभर खिळे जुळवायचा आणि दर आठवड्याला टोपणनावाने एक क्रमशः कथा लिहायचा. संपादक हंबीरराव सोडले तर हे कुणाला ठाऊक नव्हतं. कथेतला धनाजी म्हणजे गरोदर बायकोला खडीकामावर टाकून पळालेला माणूस. दहा भाग तो कुणाचाच झाला नाही, आणि वाचकांनी त्याला पोटभर शिव्या दिल्या. अकराव्या भागात मात्र गडी एकाएकी रडायला लागला. बाराव्यात त्याने घरची वाट धरली. तिथून वाचक बिथरले.

"कालपर्यंत दगड आणि आज लोणी?" हंबीरराव म्हणाले. "जित्याची खोड अशी जाते होय रे?"

"माणूस बदलतो, साहेब."

"जगात बदलत असेल. गोष्टीत बदलायचा तर काही कारण दे. आणि ही माण तालुक्यातली बाई तर हात धुऊन मागं लागलीय. ऐक."

कार्डावरचं अक्षर शाळकरी होतं. हंबीररावांनी मोठ्याने वाचलं. "शाळेतला अंक आईला वाचून दावते. आई सांगती तसं लिवते. चवथ्या भागात त्यो ताक पितो. त्याला ताक सोसत न्हाई. आन् त्यो रडनारा मानूस न्हाई. त्याला घरी आनू नका. हरणाबाई."

"त्याला ताक सोसत नाही, असं तू कधी लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"असेल कुठंतरी," ज्ञानू म्हणाला आणि मान खाली घालून पुन्हा कामाला लागला.

"शेवटचा भाग शनिवारी छापायचाय. त्याआधी त्या बाईला भेटून ये. तिला पटलं तर धनाजी घरी जाईल. नाही तर त्याला वाटेतच मार आणि मोकळा हो."

धनाजी घरी पोचावा, त्याला कुणीतरी आत घ्यावं, एवढ्यासाठीच ज्ञानूने ही कथा लिहायला घेतली होती. धनाजीला मारायची कल्पनाही त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी विट्याला एसटी बदलून तो माणात पोचला. सत्त्याहत्तर सालचा मे महिना होता. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. कोरडा ओढा ओलांडून, मेंढरांच्या वाड्याला वळसा घालून तो लिंबाखालच्या घरापाशी आला. उंबऱ्यात तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी मटकी निवडत बसली होती.

"सांगलीहून आलोय. पेपराच्या ऑफिसातून."

"आई गं, पेपरवालं आल्यात!" मुलगी आत ओरडली.

हरणाबाई पदर सावरत बाहेर आली. तिने पाहुण्याकडे बराच वेळ बघितलं. मग घोंगडं अंथरलं. "बसा. विजयमाला, पानी आन."

ज्ञानूने तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. "धनाजीला घरात घ्यावं का, एवढंच विचारायला आलोय."

"त्याच्या बायकूला इचारा की."

"तुम्ही तिच्या जागी असता तर?"

"ती खडी फोडत हुती. पोटात पोर. दिस मावळंस्तवर वाट बघितली तिनं. मुकादम म्हनला, नवरा कुठं गेला गं? ती म्हनली, पानी आनाय गेलाय." हरणाबाईने निवडायची मटकी पुढे ओढली. "चौदा वर्सं झाली, आवं, त्यो अजून पानी आनतोय."

विजयमाला हसली. "आई, ह्ये कुठल्या भागात हाय?"

"शेळी कुठं गेली बघून ये, जा."

मुलगी गेली. ज्ञानू तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याला रडू आवरेना.

"त्याला लाज वाटली हो," तो म्हणाला. "आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत वर्षं गेली. पण आता तो खरंच बदललाय."

"बदलला आसंल. त्याची बायकू न्हाई बदलली. ती पैल्या भागापास्नं एकसारकीच हाय."

"मग शेवट काय लिहू?"

हरणाबाई उठली. दाराच्या कडीला हात घालून ती पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली,

"लिव, ज्ञानू. बायकूनं नवऱ्याचं नाव घेतलं आन् दार लावलं."